बांधावरची धामण

माझा पोरगा दोन वर्षांचा होता. चुलीवरून उतरवलेली गरम पेज त्यानं ओढून मांड्यांवर सांडून घेतली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं हसणं गेलं ते गेलंच.

पनवेलच्या डॉक्टरानं मलम दिलं. लावलं की जागा बधिर व्हायची, ठणका थांबायचा. सकाळ-संध्याकाळ लावा, म्हणाला. मी मिठागरावर जायची, नवरा पाय मुरगळून घरी होता. पोर कण्हलं की हा मलम चोपडायचा. पोर गप झालं की याच्या जिवात जीव यायचा. कोण त्याला बोल लावील? रडतं लेकरू दिवसभर सांभाळून बघावं, मग बोलावं.

दोन-चार दिवसांत पोराचे ओठ निळे पडले, नखं काळवंडली. सासू म्हणाली, "याला पान लागलंय." आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान म्हणतात. अंगभर बघितलं, दाताची खूण कुठंच नाही. तरी तिनं कडुलिंबाचा पाला त्याच्या तोंडात कोंबला; पान लागलेल्याला तो कडू लागत नाही म्हणतात. एवढंसं पोर काय सांगणार, कपाळ! मांत्रिकापाशी अर्धा दिवस गेला. शेवटी मी कुणाचं ऐकलं नाही, पोर उचललं आणि नवऱ्याला घेऊन पनवेल गाठलं.

डॉक्टरानं सुईनं रक्त काढलं. ते तांबडं नव्हतंच, काकवीसारखं होतं. त्याचा चेहराच उतरला. मुंबईला न्यायला मोटार बघा म्हणून नवऱ्याला बाहेर धाडलं आणि मला विचारलं, मलम किती लावलं? मी सांगितलं.

"बाई, हे औषध अंगात फार मुरलं की रक्ताला गंज चढतो," तो म्हणाला. "मग त्या रक्ताला अंगभर हवा पोचवता येत नाही. बहुतेकांचं रक्त तो गंज झटकून टाकतं. याचं जन्मापासूनच कमजोर असावं. मलाही नाही कळलं."

यावर उतारा असला तर मुंबईत, म्हणाला. मोटार आली तेव्हा पोर माझ्या मांडीवर गार पडलं होतं.

नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगून मोकळं व्हावं असं फार वाटायचं. पण एक गेला तो काही परत येणार नव्हता, आणि हे ऐकून दुसराही गेला असता.

त्यानं आईचं पान लागल्याचं बोलणंच धरून ठेवलं, काठी घेतली आणि लंगडत मिठागराचे बांध पालथे घातले. अन्नाला शिवला नाही. एका सकाळी मेलेली धामण काठीवर घेऊन दारात उभा राहिला. धामणीला विष नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यालाही ठाऊक होतं.

"हीच ना गो?" त्यानं विचारलं.

"हीच," मी म्हटलं.