तिच्या चालण्याचा कागद

रेडिमेड पँटी आल्या आणि पेठेतलं माझं शिवणाचं दुकान सुस्त पडलं, तेव्हाची गोष्ट. कापायचं, शिवायचं मी. काज-बटणं आणि हातशिलाई बायकोची. एक दिवस दुकानात आमचं दोघांचं भांडण चाललं होतं. घरातलं भांडण आमचं मराठीतच व्हायचं, कन्नड गिऱ्हाइकापुरती. रस्त्यानं जाणाऱ्या एक बाई ते ऐकून थबकल्या आणि आत आल्या. पुण्याच्या, इथं शहराच्या टोकाला हेब्बाळकडं एका कॉलेजात काहीतरी शोधकाम करणाऱ्या.

"काका, तुम्ही मराठी? मग माझं काम तुम्हीच करा. बाकीचे टेलर मला हसतात."

काम हसण्यासारखंच होतं. पायमोजे शिवायचे, तळव्याला आतून खिसे ठेवायचे. प्रत्येक खिशात एक काळी पट्टी, नखाइतकी पातळ, रेक्झिनसारखी वाकणारी. दाबली की तिच्यातून वीज जास्त जाते, सोडली की कमी. तारा पायावरून कमरेच्या डबीत, डबीतून यंत्रात. चालताना पाऊल किती दाबतं ते यंत्र कागदावर रेघ ओढून दाखवणार. साखरेच्या आजारानं ज्यांचे पाय बधिर झालेत, त्यांच्यासाठी हा उद्योग.

"साखर तर माझ्यातच आहे की अक्का," बायको म्हणाली. "माझे पाय घ्या. ह्या माणसासमोरून उठायला निमित्त तरी मिळेल."

पहिल्या मोज्यात मी सवयीनं पट्टीवरूनच टीप मारली. सुईनं भोकं पडली, पट्टी वाया. दुसरा जोड बायकोनं हातानं शिवला, पट्टीला सुई न लावता. तोच चालला.

मग एका सकाळी आम्ही दोघं बसनं हेब्बाळला गेलो. लांबट खोली. हॉस्पिटलात छातीचा कागद काढतात तसलं यंत्र. मोजे घालून, तारा सांभाळत ती भिंतीपर्यंत चालायला लागली. मी मधे खुर्ची टाकून बसलो होतो.

"लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या पायाकडं कधी बघितलं नाहीत. आता तारा लावून बघताय!" ती जाता जाता म्हणाली. तिथली सगळी हसली. मीही हसलो.

कागद बाहेर आला. वरची रेघ उजव्या पायाची, खालची डाव्याची. प्रत्येक पावलाला एक उंचवटा. वरचे उंच, खालचे बुटके. बाईंनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं, म्हणाल्या, "काकू, डावा पाय टेकत नाही तुम्ही. मोजा काढा बघू."

अंगठ्याखाली जखम होती. जुनी. तिला दुखत नव्हतं, पण फरशीला डाग लागला तर मी विचारीन म्हणून ती पाय जपून टाकायची. एका घरात राहून मला ते दिसलं नाही. काळ्या पट्टीला दिसलं. हे मी लिहून ठेवतो, कारण बोलायला आता समोर कुणी नाही.

डॉक्टर झाले, मलमपट्ट्या झाल्या, उपयोग झाला नाही. जखम हाडापर्यंत गेली, मग रक्तात. दिवाळीच्या आधी ती गेली.

तेराव्यानंतर पुण्याच्या बाई आल्या. रडल्या. तिच्या चालण्याचा तो कागद माझ्या हातात दिला. "आकडे मी वहीत उतरवलेत काका, हा तुमच्याकडे राहू दे. फक्त उन्हात ठेवू नका, रेघा उडून जातील."

ऊन लागलं की कापडही विटतं, ते मला कळतं. म्हणून कागद ट्रंकेत ठेवला, तिच्या साड्यांखाली. तिचा एकही फोटो धड नाही, लग्नातला डोळे मिटलेला. हाच काय तो राहिलेला. रोज भात एका माणसाचा टाकायचा, जेवायचं आणि ट्रंक उघडून पावलं बघायची. उंच, बुटकं, उंच, बुटकं. काही दिवस मला तिचा आवाजही यायचा.

घड्या घालून घालून कागद चुरगळला. चुरगळलेलं बघवत नाही मला, आयुष्य त्यातच गेलं. टेबलावर कागद पसरला. तोंडानं पाणी फुंकून लांब पंचा ओला केला, वर घातला. इस्त्री बेतानं तापवली, रेशमाला तापवतो तशी. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवली. पंचा उचलला.

टेबलावरचा कागद काळा झाला होता. सगळा. पाट्यासारखा काळा.

दुसऱ्या दिवशी हेब्बाळला गेलो. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, त्यावर शाई नसते. गरम सुईनं उमटतं ते. ऊब लागली की सगळाच काळा पडतो."

"पुन्हा काढता येतो का?" मी विचारलं. विचारल्यावर मला कळलं मी काय विचारलं ते. बाईंनी वही उघडली, आकडे दाखवले. मला आकड्यात ती दिसेना.

"सरी," गिऱ्हाइकाला म्हणतो तसं कन्नडात 'बरं' म्हणालो आणि उठलो.

घरी येऊन कागद पुन्हा उलगडला. टेबल कमी पडलं होतं, म्हणून शेवटचं वीतभर टोक खाली लोंबत राहिलेलं. तिथं इस्त्री पोचली नव्हती. तेवढं पांढरं होतं. पण त्यात पावलं नव्हती, दोन सरळ रेघा होत्या, वर एक, खाली एक. बराच वेळ बघितल्यावर आठवलं. शेवटी ती भिंतीपर्यंत जाऊन परतली होती आणि माझी खुर्ची वाटेत होती.

"उठा की," ती म्हणाली होती. मी उठेपर्यंत ती उभी राहिली होती.

तो तुकडा कापून घेतला नाही. कात्री लावायचं धाडस झालं नाही. काळ्या कागदासकट गुंडाळून ठेवलाय, घडी न घालता.