मैल नको, तास सांग

बार्शीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. मी बॅगा सीटखाली ढकलत होतो, माझ्या बायकोला, वैशालीला, पाचवा महिना होता म्हणून तिला खिडकीची जागा दिली होती, आणि आई खाली उभी राहून खिडकीच्या गजांना धरून बोलत होती. "किती लांब आहे रे ती अमेरिका?" तिनं विचारलं. मी सवयीप्रमाणे आकडा सांगितला: आठ हजार मैलांच्या वर. "मैल नको, तास सांग," आई म्हणाली. मी गाडी, विमानं, मधले थांबे, सगळं धरून चाळीस सांगितले. तिनं मनात हिशेब केला. "म्हणजे आज जेवून निघालास तर परवा जेवायला घरी. मग काही फार लांब नाही."

त्या हिशेबावर ती निर्धास्त होती. मीही होतो.

आता आम्ही अ‍ॅरिझोनात चँडलरला राहतो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. जुई इथंच जन्मली, आता चौदा वर्षांची आहे. या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण, सुनंदाताई, पहिल्यांदा आमच्याकडे आली. दाजी आईजवळ थांबले, म्हणून तिला येता आलं.

चँडलरचा जून म्हणजे दार उघडलं की भट्टीचं झाकण उघडल्यासारखं. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून चालायला गेली आणि कोपऱ्यावरून परत आली. "अरे, इथं माणसं राहतात का नुसत्या गाड्याच?" मग ती दिवसभर घरात. आम्ही दोघं कामावर, जुई तिच्या खोलीत. एकदा मी दुपारी फोन केला तर म्हणाली, "बसलेय. पडदा सरकवून समोरच्यांचं गॅरेज बघतेय. मघाशी उघडलं होतं."

तिला काहीतरी दाखवायला हवं, असं मी ठरवलं. लॉस एंजेलिस. गाडीनं सहा तास, समुद्र, थंड हवा. ताईला विचारलं तर म्हणाली, "तू दाखवशील ते बघू."

आपण मराठी माणसं जगातलं कुठलंही गाव महाबळेश्वरसारखं बघतो. पॉइंट पाडतो. हा सूर्योदयाचा, हा सूर्यास्ताचा, इथं मक्याचं कणीस, तिथं फोटो. मीही एक्सेलची शीट उघडली आणि लॉस एंजेलिसचे पॉइंट पाडले: डोंगरावरची ती हॉलिवूडची पांढरी अक्षरं, त्याच डोंगरावरची वेधशाळा, नटनट्यांच्या नावांच्या फरश्या बसवलेला फुटपाथ, डाउनटाउन, शेवटी सँटा मोनिकाला सूर्यास्त. प्रत्येकापुढे मैल, पार्किंग, स्वच्छतागृह. नकाशावर सगळं हातभर अंतरावर दिसत होतं. ज्या शहराला मध्यच नाही, त्याला पॉइंट पाडता येत नाहीत, हे तिथं गेल्यावर कळलं.

ताईला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं. आल्यापासून दोनदा तिनं "मिलिंद, जरा बस" म्हणून पाहिलं होतं. मी म्हणायचो, "ट्रिपला जातोय ना, तेव्हा निवांत बोलू." आणि शीटमध्ये निवांत अशी जागा दिसली की तिथं आणखी एक पॉइंट बसवायचो. ती काय बोलणार हे मला ठाऊक होतं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

निघालो तेव्हा ताईनं दशम्या, शेंगांची चटणी, कोरडं पिठलं असा डबा घेतला. वैशाली म्हणाली, "ताई, वाटेत सगळं मिळतं." "मिळत असेल. मला काय पाहिजे ते मिळतं का?" ताई म्हणाली. वाळवंट संपलं, डोंगर उतरलो, घरं लागली. घरं, गोदामं, पुन्हा घरं. तासभरानं ताईनं विचारलं, "गाव कधी यायचं?"

"आत्या, वी आर इन इट. केव्हापासून," जुई मागून म्हणाली.

"मग वेस कुठं गेली?"

वेस नव्हती. आमच्या बार्शीत गाव कुठं सुरू झालं हे डोळे मिटून कळतं. इथं एकाचं नाव संपून दुसऱ्याचं लागत होतं आणि रस्ता, दुकानं, ताडाची झाडं सगळं तेच.

पहिल्या दिवशी वेधशाळेपर्यंत माझी शीट बरी चालली. तिथून सँटा मोनिका साधारण सोळा मैल. मी पाऊण तास धरला होता, पुण्याच्या अनुभवानं त्यात थोडा जादाही मिळवला होता. फ्रीवेवर चढलो आणि थांबलो. पाच लेन आमच्या बाजूला, पाच पलीकडे, सगळ्या भरलेल्या. पुढे लाल दिवे, मागे पांढरे. गाडी दोन हात सरकायची आणि थांबायची. उतरायला पुढचा एक्झिट येईपर्यंत वाट नाही, मागे जायला तर नाहीच. मॅप सूर्यास्तानंतर पोचाल असं सांगत होता.

मी रूट बदलून बघत होतो. ताई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या हातातला फोन घेऊन पालथा ठेवला.

"आता तुला कुठं जाता येणार नाही ना? मग ऐक."

 मागे जुईनं कानातले इअरफोन काढले.

"आई मला आता सुनंदा म्हणत नाही. अक्का म्हणते. तिला वाटतं मी तिची मोठी बहीण आहे. दाजींना ती पाहुणे म्हणते, चहा घ्या म्हणते, घेतला की पुन्हा चहा घ्या म्हणते. तुझं नाव मात्र अजून बरोबर घेते. गाडी आली का मिलिंदची, म्हणून विचारते. डॉक्टर म्हणाले, हे किती दिवस टिकेल सांगता येत नाही. ती ओळखतेय तोवर एकदा येऊन जा. फोनवर नको सांगायला म्हणून मी आले. तुझा समुद्र बघायला नाही."

तुमच्यातले जे इकडे आलेत त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. जे तिकडे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. माझ्याकडे इथं राहायचा आणि काम करायचा परवाना आहे. तो दर काही वर्षांनी वाढवून मिळतो. पण पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय. जोवर देशात आहे तोवर त्याचं काही अडत नाही. एकदा बाहेर पडलो की परत येण्यासाठी तिकडच्या अमेरिकन वकिलातीत नवा शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याची तारीख कधी मिळेल, मिळाल्यावर कागद किती दिवस अडकतील, हे कुणी सांगू शकत नाही. कंपनीच्या वकील बाईंनी स्पष्ट सांगितलंय, अगदीच टळत नसेल तर जाऊ नका. अडकलो तर नोकरी जाते, नोकरी गेली की वैशालीचाही परवाना जातो, कारण तो माझ्यावर आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव आहे. ती रांग या फ्रीवेपेक्षा हळू सरकते.

हे सगळं मी ताईला क्रमानं सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे आत राहायला परवानगी आहे, बाहेर जायला नाही. आपल्याकडं अशा जागेला काय म्हणतात रे?"

 

"जायला आहे परवानगी, ताई. परत यायची खात्री नाही."

"मला फरक सांग."

 शेजारच्या लेनमधला माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

"मी जाऊ शकते," जुई मागून म्हणाली. "आत्याबरोबर. मला स्टॅम्प नाही लागत."

आमच्या घरात दार दोन्ही बाजूंनी उघडतं ते फक्त हिच्यासाठी. अमेरिकेचा पासपोर्ट आहे, आणि लहानपणीच काढून ठेवलेलं, भारतात विनाव्हिसा जाता येणारं कार्ड. सातव्या वर्षी आम्ही तिला शेवटचं नेलं होतं.

"आजी तुला ओळखणार नाही, बाळा," मी म्हणालो.

"मे बी ती तुला पण नाही ओळखणार, बाबा."

वैशाली "जुई" म्हणून ओरडली. ताई म्हणाली, "बोलू दे. खरं तेच बोलली पोर."

समुद्रावर पोचलो तेव्हा सूर्य गेला होता, आभाळात थोडी लाली होती. ताई साडी वर धरून पाण्यात उभी राहिली. "गार आहे," एवढंच म्हणाली. मग आम्ही गाडीजवळ उभं राहून दशम्या खाल्ल्या. राहिलेले पॉइंट मी कॅन्सल केले. 

ताईच्याच विमानात जुईचं तिकीट मिळालं. जाण्याआधी ती म्हणाली, "बाबा, एलएचा केला तसा बार्शीचा प्लॅन कर ना. काय काय बघू?" मी बसलो. मैल लिहायची गरजच नव्हती, सगळं चालत. भगवंताचं देऊळ. माझी शाळा. थेटर. शेवेची भट्टी. ताई बाजूला भाजी निवडत होती. "थेटर बंद झालं. तिथं कार्यालय झालंय, लग्नाचं. भट्टीवाले पुण्याला गेले, मुलाकडं. शाळा आहे, पण तुझी इमारत नाही." एकेक ओळ मी खोडत गेलो. शेवटी देऊळ आणि आईच्या दारातली पायरी राहिली. मी जुईला सांगितलं, "त्या पायरीवर आजीशेजारी बस. कोण गं तू, म्हणाली तर माझं नाव सांग."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. तिथंच बसायचं."

फीनिक्सच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीची रांग सुरू होते तिथं आम्हाला थांबावं लागलं. जुई मागे न बघता पुढे गेली, ताईनं दोनदा वळून हात केला. माझ्या तोंडून निघालं, "पोचलात की कळवा."

कळवलं. परवा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीतच होतो. पायरी दिसली, जुईचा गुडघा दिसला, मग आई. किती बारीक झाली आहे. ती माझ्याकडे नाही, जुईकडे बघत होती.

"किती तास लागले गं तुला?"

"आजी, फॉर्टी... चाळीस."

"काही फार लांब नाही," आई म्हणाली. "आणि मिलिंदला किती लागतील?"

 जुईनं फोन आईसमोर धरला. आईनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही. आयुष्यभर आकडे सांगत आलो आणि माझ्याकडे तेवढा एक नव्हता.

"निघालास का रे?" तिनं विचारलं. "जेवायला आहेस ना?"

"आहे," मी म्हणालो.

तिनं मान वळवली आणि आत ताईला हाक मारली, "अक्का, मिलिंदचं ताट धर."

इथं माझी मोजणी बऱ्याच ठिकाणी होते. रांगेत, कंपनीत, कुणाच्या परवान्यात कोण, यात. त्यातल्या कुठल्याही मोजणीतून माझं नाव उद्या निघू शकतं. ताटांच्या मोजणीत ते अजून आहे, तेच माझं घर. आतून ताईचा आवाज आला, "धरलंय." मग भांड्यांचा आवाज, आणि फोन जुईच्या हातातून कलंडला.