एकही कोंबडा मेला नाही

"विष लिवा डाक्तर, विष. बाकी काई लिवाचं काम नाई."

बापूसाहेबांनी माझ्या टेबलावर, मस्टरला अगदी खेटून, एक मेलेली कोंबडी ठेवली आणि मला तिचं निदान सांगितलं. पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं. पण निदान आधी ठरलेलं असलं की पोस्टमॉर्टेम कसं सुटसुटीत होतं, हे मला सरकारी नोकरीत एव्हाना कळलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा अकोला, आणि मी मालेगावला पशुवैद्यकीय अधिकारी. म्हणजे गावाच्या भाषेत ढोराचा डाक्तर. बापूसाहेब सोसायटीचे चेअरमन. मेडशीजवळ त्यांची पोल्ट्री होती, आमच्या भागातली पहिली 'शास्त्रीय' पोल्ट्री. कोणी पाहुणा आला की बापूसाहेब त्याला आधी कोंबड्या दाखवत, मग चहा. आणि आता त्याच कोंबड्या पटापट मरत होत्या. पंधरवड्यात तीसेक गेल्या. आजारी दिसत नव्हत्या. रात्री धडधाकट, सकाळी आडव्या.

"कोणी घातलं विष?" मी विचारलं.

"पंचफुला. दुसरं कोन? दाना-पानी तेच करते. माझ्या मेव्हन्यानं दोन डाव पकडली तिले, शेडातला बल्ब बंद करताना. अंधार कायले पायजे तिले, सांगा. उद्या ठान्यातला जमादार येऊन राह्यला. त्याले तुमचा कागद पायजे."

पंचफुलाबाई बौद्धवाड्यातली. संशय घ्यायला गावात पत्ता ठरलेला असतो, शोधावा लागत नाही. आणि मेव्हणे म्हणजे पोल्ट्रीचे मॅनेजर. त्या पदासाठी लागणारी पात्रता, म्हणजे बहिणीचं लग्न, त्यांच्याकडे होती.

मी बॅग घेतली आणि बापूसाहेबांच्या जीपमध्ये बसलो.

शेडबाहेर कडुनिंबाखाली पंचफुलाबाई बसली होती. चाळिशीची, काटक बाई. तिला शेडमध्ये पाय ठेवायला बंदी होती. मला पाहून उठली.

"साहेब, म्या काई टाकलं नाई. पाखरायले झोपच नाई हो. रातभर खाऊन राह्यल्या, पोटं लोंबून राह्यली. जीव कळवळला म्हनून बल्ब बंद केला."

"पाहू," मी म्हणालो. हा सरकारी शब्द आहे. त्याचा अर्थ ऐकलं नाही, असा होतो. पदवीधर माणसाला मजूर बाईनं कोंबड्यांबद्दल सांगावं, हे मला तेव्हा जरा जास्तच लागायचं.

एका लाकडी स्टुलावर मी पहिली कोंबडी उघडली. पोटात बोटभर जाडीची पिवळी चरबी. तिच्याखाली साकळलेल्या रक्ताचा गोळा. आणि लिव्हर! निरोगी कोंबडीचं लिव्हर काळपट तांबडं असतं, हाताला घट्ट लागतं. हे हळदीसारखं पिवळं होतं. नुसतं बोट लावलं तर लोण्यासारखं आत गेलं. तेच फाटलं होतं, आणि आतल्या आत रक्त जाऊन कोंबडी मेली होती. दुसरी उघडली, तिसरी उघडली. तेच.

"विषानंच पिवळं पडलं ते," मेव्हण्यांनी मागून मत दिलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता, पण मताला अडचण नव्हती.

शेडमध्ये कोंबडेही होते. उबवणीची अंडी हवी तर कोंबडा लागतो, म्हणून आठ-दहा माद्यांमागे एक सोडलेला. ते तोऱ्यात फिरत होते.

"कोंबडे किती मेले?" मी विचारलं.

"कोंबडा? एकबी नाई."

"त्यांचं पाणी वेगळं आहे?"

"नाई. एकच भांडं."

"दाणा?"

"एकच हाये."

"मग हे विष बाई-माणूस बघून मारतंय का?"

मेव्हण्यांनी रुमाल खिशात घातला. बापूसाहेब म्हणाले, "कोंबडा कापून पाहा."

पाहिला. चरबी त्याच्याही पोटात होती, भरपूर. पण लिव्हर तांबूस, घट्ट, बघण्यासारखं. तपासून झाल्यावर मेव्हण्यांनी तो धुऊन घेतला आणि घरात मसाल्याला पाठवला. विषाची भीती तेवढ्यापुरती मिटली होती.

आता उरला बल्ब. मी विचारलं, "उजेड किती तास देता?"

"सोळा तास," मेव्हणे छाती काढून म्हणाले. "बरोब्बर सोळा. चार वाजता लावतो, सकाळी आठले बंद. तुमीच तं लिवलं!"

त्यांनी व्हिजिट बुक उघडून माझ्यासमोर धरलं. अक्षर माझंच होतं, सहीसुद्धा झोकदार: 'अंडी वाढीसाठी शेडमध्ये १६ तास प्रकाश द्यावा.'

मला म्हणायचं होतं ते असं: दिवसाचे बारा-तेरा तास असतात, वर तीन-चार तास बल्ब लावा, सगळे मिळून सोळा. पण सूर्य धरून की सोडून, हे मी लिहिलंच नव्हतं. मेव्हण्यांनी सूर्य सोडून दिला. सूर्य काय, फुकट मिळतो, त्याला कोण धरतो? दिवाळीत मी हे लिहून गेलो, तेव्हापासून त्या कोंबड्यांनी धड अंधार पाहिला नव्हता. हे ध्यानात आलं होतं फक्त पंचफुलाबाईच्या. तिनं त्यावर इलाज केला, तर तिला विष घालणारी ठरवलं.

जरा समजावून सांगतो. कोंबडीचा मेंदू ऋतू ओळखतो उजेडावरून. दिवस मोठा झाला की त्याला वाटतं, अंडी द्यायचा मोसम आला. मादीचे हार्मोन कामाला लागतात आणि लिव्हरला हुकूम देतात: बलकासाठी चरबी बनव. लिव्हर बनवतं. आता दिवस संपतच नसेल तर मोसमही संपत नाही. त्यात उजेड आहे म्हणून कोंबडी खात राहते. दाण्यात मका भरपूर, हिंडायला जागा कमी. बनलेली चरबी लिव्हरमधून पुरती बाहेर जात नाही, तिथंच साचते, आणि एक दिवस लिव्हर फाटतं. कोंबड्याला तोच उजेड, तोच मका. तोही लठ्ठ होतो. पण त्याच्या लिव्हरला असा हुकूम कधी येत नाही. खायचं, आरवायचं आणि मिरवायचं, एवढीच त्याची ड्यूटी. म्हणून तो वाचला.

दवाखान्यात परतलो आणि अकोल्याला साहेबांना फोन लावला. लाइन लागली हा पहिला चमत्कार. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हा दुसरा.

"व्हिजिट बुकात तुमचं लिहिलेलं आहे?"

"हो सर."

"मग असं करा. 'विषबाधेची शक्यता नाकारता येत नाही,' एवढं लिहा. नाकारता येत नाहीच ना? आपलं काही जात नाही."

"बाईचं जातं, सर. उद्या ठाण्यात नेतील."

"बाई आपल्या ऑफिसच्या एस्टॅब्लिशमेंटवर आहे का?"

"नाही सर."

"मग?"

फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, घटकाभर मी तो विचार केला. वाक्य सोपं होतं, खोटंही नव्हतं. माझी नोकरी नवी होती. पण ती बाई एकदा ठाण्यात गेली असती, तर सुटून आल्यावरही मेडशीत तिला कोणी शेतात निंदायलासुद्धा बोलावलं नसतं. आणि कोंबड्यांचं दुखणं अख्ख्या आवारात तिला एकटीला कळलं होतं. माझी मलाच लाज वाटली. मी रिपोर्ट लिहायला घेतला. खरा लिहिला, पण सरकारी माणसानं खरं लिहावं तसा लिहिला.

दुसऱ्या दिवशी जमादार आले. कागद वाचून त्यांचं तोंड उतरलं. मेडशीपर्यंत येऊन हात हलवत जायचं त्यांना पटेना. 'लिव्हर'ला अटक करता येईल का, असं त्यांनी विचारलं नाही, एवढंच. पण गेले.

बापूसाहेब मोठ्या मनाचे. पंचफुलाबाईला म्हणाले, "जाऊ दे वं, झालं गेलं. ये उद्यापासून कामाले."

"नाई येत."

"काहून?"

"चावडीवर मले इख घालनारी म्हनलं. चावडीवरच सांगा, म्या नाई घातलं म्हनून. मंग येतो."

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पण बल्ब कमी करून, मका कमी करून, कोंडा वाढवून पोल्ट्री सावरायची, तर रात्रंदिवस त्या पाखरांकडे बघणारं माणूस लागणार होतं, आणि मेव्हणे ते नव्हते. बापूसाहेबांना हिशेब कळायचा.

संध्याकाळी चावडीवर माणसं जमली. रिपोर्ट बापूसाहेबांनी वाचायचा, असं ठरलं होतं. पहिल्याच ओळीला त्यांनी कागद खाली ठेवला. मग मला वाचायला लावलं. मी खणखणीत आवाजात वाचलं: "...सबब विषबाधेचा कोणताही पुरावा आढळून आला नाही. तसेच संबंधित तांत्रिक अधिकाऱ्याकडून प्रकाशयोजनेबाबत देण्यात आलेल्या सूचनेत स्पष्टतेचा अंशतः अभाव राहून गेल्याने सदर परिस्थिती उद्भवली असल्याचे दिसून येते."

पंचफुलाबाई पदर खोचून उभी राहिली.

"म्हंजे चूक कोनाची, साहेब?"

"माझी," मी म्हणालो.

"मंग तसंच लिवाव ना बाप्पा! एवढं लांबलचक कायले लिवलं?"

चावडी हसली. दुसऱ्या दिवसापासून बाई कामावर गेली, बल्बाचं बटण तिच्या ताब्यात आलं, आणि महिन्याभरात कोंबड्या मरायच्या थांबल्या. अकोल्याहून मला मेमो आला, तोही लांबलचक. पुढं तीस वर्षांत मी शेकडो रिपोर्ट लिहिले. वरिष्ठांनी त्यांत स्वल्पविरामापासून सहीपर्यंत सगळं दुरुस्त केलं. इतकी नेमकी दुरुस्ती मात्र पुन्हा कोणी सुचवली नाही.