शनिवार-रविवारची सुट्टी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी निम्मं सोलापूर आतून पाहिलेलं आहे, त्यामुळे बाहेरून माणूस ओळखायचं ते पार विसरून गेलेत. चाळीस वर्षं एक्स-रे काढले. भाजीबाजारात एखादी बाई नमस्कार करते, हे गोंधळतात, मग तिचं मनगट दिसलं की खुलतात, "डावा हात, दोन ठिकाणी. सांधला की छान." ग्रुप फोटोसाठी हातात मोबाइल द्यावा, तर आधी गरोदर सुनांना बाजूला काढणार, उरलेल्यांना श्वास रोखायला लावणार आणि 'सोडा' म्हणायचं विसरणार. आमच्या वास्तुशांतीच्या फोटोत आम्ही सगळे गाल फुगवून उभे आहोत.

माझ्या गालात आतून कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढे सहा आठवडे किरणोपचार ठरले आणि हा माणूस माझ्यासारख्या शाळामास्तराच्या मानगुटीवर बसला. रोज सकाळी दहाला खाली स्कूटरचा हॉर्न, आणि वाटेभर पेशींचं पुराण. वडील मागावर चादरी विणायचे, म्हणून काकांच्या लेखी पेशीसुद्धा मागावर बसलेली. किरण आत शिरतो आणि पेशीतला धागा तोडतो, चांगल्या पेशीचाही आणि वाईट पेशीचाही. चांगली पेशी थांबून धागा सांधते. कॅन्सरची घाईत असते, तुटक्या धाग्यावरच विणत सुटते आणि मरते. म्हणून रोज थोडं थोडं तोडायचं आणि शनिवार-रविवार चांगल्या पेशींना सांधायला सुट्टी द्यायची. हे मी जाताना ऐकायचो आणि येतानाही. देवा, त्या मशीनपेक्षा हे जड जायचं.

चौथ्या आठवड्यात मी टेकलो. तोंड आतून सोलून निघालेलं, थुंकी आटलेली, ताकसुद्धा झोंबायचं आणि चव कशालाच नाही. सोमवारी हॉर्न वाजला, मी खाली गेलोच नाही. काका धापा टाकत वर आले. मी म्हटलं, आता नाही होत, दोन आठवडे थांबतो. काका आल्या पावली खाली गेले आणि शेंगाचटणीची बरणी घेऊन परत आले.

"मास्तर, तुमी थांबला तर ती वाईट पेशीबी सांधून घेईल की. जिभेची चव परत येती. आली की ही बरणी दोघं मिळून उघडू. चला, स्कूटर चालूच हाय."

बरणी ओट्यावर ठेवताना त्यांची बोटं मी पहिल्यांदा नीट पाहिली. नखं उभी चिरलेली, कातडी कोरडी, भेगाळलेली. विचारलं तेव्हा नाइलाजाने सांगितलं. तान्ही पोरं एक्स-रेखाली हलायची, कुणीतरी धरायला लागायचं. आई पोटुशी असली तर? म्हणून तिला बाहेर काढून स्वतः धरायचे. जाड हातमोज्यांना पोरं भ्यायची, म्हणून तेही काढायचे. नोंद नको म्हणून किरण मोजायचा बिल्ला तेवढ्यापुरता खणात. साऱ्या जगाला खोलीबाहेर हाकलणारा माणूस स्वतः आत उभा राहायचा. मी मुकाट्याने चपला घातल्या.

उपचार पुरे झाले. गाठ अजून तरी परतलेली नाही. पण चव येईना. महिने गेले, तरी काका रोज दहाला वर येऊन विचारायचे, "आली का?" आणि मी मान हलवायचो. परवा रविवारी कंटाळून मीच बरणी पुढे केली. त्यांच्या बोटांनी झाकण फिरेना, मी फिरवलं. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि माझं तोंड वाकडं झालं.

"काका, खवट झालीय हो."

"आली!" काका म्हणाले. मग डोळे पुसले, चिमूट उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, "व्हय की. खवट हाय."

आम्ही ती दह्यात कालवून खाल्ली, बोटं चाटून. माझ्या पेशींना दर आठवड्याला दोन दिवस मिळाले. त्या बोटांना चाळीस वर्षांत कुणी सुट्टी दिली नाही. भेगांत तिखट गेलं असणार. मी विचारलं, झोंबतंय का?

"झोंबू द्या की," काका म्हणाले, आणि पुन्हा बरणीत हात घातला.