फळा पुसायच्या आधी

माझी भाची मनीषनगरात राहते आणि ब्लॉग लिहिते. परवा आली तीच तोंड पाडून. "मावशी, कोणी वाचूनच नाही राहिलं. बंद करून टाकते," म्हणाली. मी विचारलं, लिहिलेलं जागेवर आहे ना? म्हणाली, ते कुठे जाते, आहे ना. मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिचं लिहिलेलं जागेवर राहतं, कोणी ओलं फडकं घेऊन त्याच्यावर चालून येत नाही, आणि वर हीच रडते. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मला सहन होत नाही, पण त्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं.

मी लिहायला लागले ती फळ्यावर. सत्तरचं दशक. आमची वस्ती विणकरांची, नागपूरच्या जुन्या भागातली. चौकात एका काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर गणेश मंडळानं एक काळा फळा ठोकला होता. गणपतीच्या दिवसांत त्यावर कार्यक्रम लिहायचे. बाकी वर्षभर तो रिकामा लटकायचा. मी तेव्हा रामदासपेठेतल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांची वाक्यं बडवायची, 'आपला विश्वासू' पर्यंत. आपलं असं एक वाक्य आठवड्यातून एकदा तरी कुठे लिहावं, एवढीच माझी भूक होती. मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि मी दर रविवारी सकाळी खडू घेऊन चौकात उभी राहायला लागले.

काय लिहायची? वस्तीतलंच. नळाला पाणी कधी येतं आणि कोणाच्या टाकीत जातं. विणकरांच्या सोसायटीतून मिळणारं सूत मध्येच का तुटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीचा पुतळा निघतो, लोक ओरडतात 'घेऊन जा गे मारबत', तर तिनं आमच्या गल्लीतून काय काय उचलून न्यावं, असंही एकदा लिहिलं होतं. मला वाटलं होतं लोक हसतील, भांडतील, निदान काही बोलतील. बोलले अध्यक्ष. "बेटा, सुविचार लिहीत जा. लोकायले दोन चांगल्या गोष्टी समजतील." नळ कोरडा पडलेला, आणि मी त्याच्याशेजारी लिहू, पाणी हे जीवन आहे?

सुविचारांचं एक वेळ सोडा. माझा खरा वैरी वेगळाच होता. वस्तीत कोणी मेलं की घरची माणसं आधी सायकलवाल्या काकांकडे यायची. काका हातातलं चाक खाली ठेवायचे, ओलं फडकं घ्यायचे, फळा वरपासून खालपर्यंत पुसायचे आणि मोठ्या अक्षरांत लिहायचे, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की'. खाली नाव, आणि अंत्ययात्रा किती वाजता घाटाकडे निघेल ते. मी संध्याकाळी ऑफिसातून सायकलवर परत यायची तेव्हा माझा मजकूर गेलेला असायचा. माझं सगळं डोकं, सगळा रविवार, एका फडक्यात.

मेलेल्या माणसावर रागवू नये हे मला कळत होतं. तरी मी रागवायची. आमच्या वस्तीत मरणाला काही ताळतंत्रच नव्हतं. चांगलं जमलं म्हणावं आणि सोमवारी कोणीतरी जावं. फालतू जमलं की तो मजकूर पुढच्या रविवारपर्यंत लोकांच्या नाकासमोर तसाच, वस्ती ठणठणीत.

"काका, कालच लिहिलं होतं मी," असं एकदा म्हटलं, तर काका म्हणाले, "मग? मेलेल्या माणसानं थांबावं का बेटा तुह्या लिहिण्यासाठी?" अर्धी जागा ठेवा, खाली लिहा, बाजूला लिहा, सगळं सुचवून पाहिलं. "मयताच्या वर गंमतजंमत शोभत नाही," हे उत्तर. म्हणजे माझं लिहिणं ही गंमतजंमत.

घरी तरी कोणी बाजू घ्यावी. बाबा समोरच्या खोलीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले असायचे. आई बाजूला चरख्यावर कांड्या भरत असायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची बारीक नळी, ती भरून दिल्याशिवाय माग एक बोटभरही पुढे सरकत नाही. बाबा प्रौढ वर्गात जाऊन अक्षरं शिकलेले, जोडाक्षर आलं की थांबायचे. मी चिडून घरात शिरले की ते धोटा न थांबवता म्हणायचे, "काहून जीव जाळून राहिली वं? आज लिहिलं, उद्या पुसल्या जाते. घरी कागदावर लिही आणि पेटीत ठेव." मला त्यांचा त्या फडक्याइतकाच राग यायचा. दिवसभर ज्या साडीवर खपायचे तिच्यावर तरी कुठे त्यांचं नाव होतं? त्यांनी मला हे शिकवावं?

एका उन्हाळ्यात मी कांड्या भरणाऱ्या बायकांवर लिहिलं. साडीची तारीफ होते, विणणाऱ्याची होते, आणि ज्या बाईचं बोट सुतानं कापलं जातं तिला कोणी विणकर म्हणतच नाही, असं. आईकडे बघून लिहिलं होतं, आणि लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं होतं की हे चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन पाहते तर फळ्यावर एका किराणा दुकानदाराच्या सासूचं निधन. सासू गेली वर्ध्याला. अंत्ययात्राही वर्ध्याला. आमच्या चौकातून कोणाला वर्ध्याच्या घाटावर जायचं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही. मनात म्हटलं, बघू, कोणी तरी विचारेल. कोणी विचारलं नाही. फळा कोरा राहिला आणि कोणाच्या घशात घास अडकला नाही. नळावरच्या बायका माझ्याशी उन्हाबद्दल बोलल्या, पापडांबद्दल बोलल्या. अध्यक्षांनी तर फळ्यावर स्वतःच्या हातानं एक सुविचार लिहून टाकला. मला इतका अपमान वाटला की मी खडूचा डबा आईला रांगोळीत मिसळायला देऊन टाकला.

मग एक दिवस बाबा धोटा थांबवून म्हणाले, "काय वं, राजीनामा देल्ला का?"

"तुम्हीच म्हणता ना, पुसल्या जाते."

"पुसल्या त जातेच," ते म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले.

एवढंच. थांबू नको म्हणाले नाहीत, लिही म्हणाले नाहीत. मी त्याच संतापात नवे खडू आणले आणि पुढच्या रविवारी चौकात गेले. त्यानंतर वर्षानुवर्षं लिहिलं, पुसलं गेलं, पुन्हा लिहिलं. माझ्या चिकाटीचं कोणी कौतुक करायला लागलं की मला हसू येतं. चिकाटी कसली, नुसता संताप होता.

बाबा गेले ते थंडीत. खोकला छातीत उतरला होता, आठवडाभर खाटेवरून उठले नव्हते. मंगळवारी सकाळी गेले. घर माणसांनी भरलं, आईला बायकांनी धरून ठेवलं, चुलतभाऊ घाटाच्या तयारीला लागले. तेवढ्यात सायकलवाले काका दाराशी आले. हातात ओलं फडकं. मला बाहेर बोलावलं आणि खाली मान घालून विचारलं,

"पुसू का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्या तसल्या वेळीही माझं डोकं फिरलं. "इतकी वर्षं पुसलं काका, एकदा तरी विचारलं का मले? आज काहून विचारून राहिले?"

"तुले नव्हतो विचारत," काका म्हणाले. "तुह्या बापाले विचारत होतो. आता त्याले त विचारता येत नाही."

काका सांगत होते. मयताचं कळलं की ते आधी आमच्या घरी यायचे. बाबा माग सोडून चौकात जायचे, फळ्यासमोर उभे राहायचे आणि वरपासून खालपर्यंत एकेक अक्षर लावत सगळं वाचायचे. मयताघरचे लोक मागे ताटकळत. "म्या म्हणो, लवकर कर गा, तिकडे रडारड चालू आहे. तो म्हणे, पोरीनं लिहिलं आहे, वाचू दे. मग म्हणे, पूस. कधी म्हणे, आज काही जमलं नाही हिले, पूस."

"कांड्यांवर लिहिलं होतं, ते?"

"ते त पुसलं ना. वाचलं आणि पूस म्हणाला. एकदाच राहू दे म्हणाला. म्हणे, हे नको पुसू, हे चांगलं आहे. मग त्या मयताचं म्या पुठ्ठ्यावर लिहून दुकानाच्या दाराले लटकवलं. दुपारी घाटावरून आल्यावर काढून टाकलं. तू ऑफिसात होती."

"कोणतं होतं ते?"

काकांनी फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "आता मले काय याद वं बेटा. लय साल झाले."

आत बाबा मागाशेजारी जमिनीवर निजवलेले होते. मला त्यांना उठवून विचारावंसं वाटलं. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला, आणि तो आजही तसाच आहे. एवढी वर्षं एका छपराखाली राहून, रोज मला टोमणे मारून, हा माणूस माझी ओळ न् ओळ वाचत होता आणि त्यातलं एक त्याला आवडलं होतं. ते कोणतं, हे सांगायला तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं?

काकांना मी म्हटलं, पुसा. ते गेले नाहीत. "या रविवारचं त त्यानं वाचलंच नाही," म्हणाले. मग मी चौकात गेले, फळ्यासमोर उभी राहिले आणि माझं मीच वरपासून खालपर्यंत वाचलं. लोक मागे ताटकळत उभे होते. त्यात काही दम नव्हता. मी काकांना पुसा म्हटलं.

भाचीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "पण मग मावशी, तुले कळलं का कोणतं होतं ते?" नाही कळलं. नळावरचं असेल, मारबतीचं असेल, सुताचं असेल. म्हणून तर अजून लिहिते. प्रत्येक वेळी वरपासून खालपर्यंत वाचते आणि स्वतःला विचारते, हे बाबांनी राहू दिलं असतं का.