पुढच्या जन्मीचा नवरा

लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक लहानसा टाक बांधला. त्यावर एका बाईची आकृती उठवली होती. नाक-डोळे नव्हते, नुसता पदर आणि दोन हात. "हे तुही मोठी बहीण," सासूबाई म्हणाल्या. "हिचा मान ठेवजो, मंग काही त्रास नाही होत." बिजवराशी लग्न करणाऱ्या बाईने मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, ही आमच्याकडची रीत. मला ती माहीत होती. पण तो गार तुकडा छातीला लागला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की या घरात मी दुसरी आहे.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, शेतीवाडीचं. लग्न होऊन आले ती पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे अंगण, पुढे मेंदीचं कुंपण. नवरा कारखान्याच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, होता. सासूबाई गावीच राहायच्या. स्वयंपाकघरातली फळी पहिलीने तिच्या उंचीने ठोकून घेतली होती. माझा हात पोचायचा नाही. डबा काढायला मला रोज पाटावर चढावं लागायचं आणि रोज वाटायचं, म्हणजे ती उंच होती. शेजारणी भेटल्या की म्हणायच्या, "ती लई हासे व." माझ्याबद्दल कोणी काय म्हणत असेल, ते मला कधी कळलं नाही.

नवरा चांगला होता. व्यसन नाही, हात उगारणं नाही. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी घराची एक चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, "कुठं जाचं असन तं जाय. मले विचारू नको." गल्लीतल्या बायकांना माझा हेवा वाटायचा. त्यांना भाजीला जायचं तरी सासूला सांगावं लागायचं. मी सुपेल्याच्या बाजारात एकटी जायचे, भजनाला जायचे, मैत्रिणीकडे दुपारभर बसायचे. नवऱ्याने एकदाही विचारलं नाही, कुठे गेली होतीस.

मला त्याचंच दुःख होतं. ज्या बाईची वाट पाहिली जाते तिलाच विचारलं जातं, असं मला वाटायचं. एकदा मुद्दाम सुपेल्यात दिवेलागणीपर्यंत रेंगाळले. घरी आले तर त्यांनी वरण-भात करून ठेवला होता, माझं ताट झाकून ठेवलं होतं, आणि स्वतः रेडिओ ऐकत बसले होते. मी म्हटलं, "उशीर झाला." ते म्हणाले, "जेवून घे." मी मोरीत जाऊन रडले. तिला विचारत असतील, मनात आलं. ती पाच मिनिटं उशिरा आली तरी हा माणूस दारात उभा राहत असेल.

पितृपक्षात अविधवा नवमीला मी तिचा स्वयंपाक करायचे. वडे, खीर, कढी, सगळं साग्रसंगीत. त्या दिवशी ते पानावर बसायचे आणि घास हातातच राहायचा. मी रांधलेल्या खिरीवर त्यांचे डोळे भरून यायचे, पण माझ्यासाठी नाही. आणि वडाला सूत गुंडाळताना दरवर्षी एकच विचार माझं डोकं खायचा. सात जन्म हाच नवरा मिळू दे, असं तीही मागून गेली असणार. तिचा नंबर माझ्या आधी लागलेला. मग मी हे कशाला मागते आहे?

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक मावशी राहायच्या. नागपूरकडच्या, बौद्ध, शाळेतून रिटायर झालेल्या. मावशींचे यजमान वारले तेव्हा माझे मिस्टर त्यांच्या घरी भंतेजींचं बोलणं ऐकून आले, आणि त्यानंतर दर रविवारी मावशींना स्कूटरवर बसवून विहारात जाऊ लागले. आमच्या नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली, "आता धर्म बदलते का काय?" असं मलाच विचारलं. ते विहारातून आले की अंगणात बसून राहायचे.

एक दिवस मी ओट्याशी कणीक मळत होते. कुंपणापाशी ते मावशींशी बोलत होते. खिडकीतून शब्द स्पष्ट आले.

"मावशी, मेलेलं माणूस पुढच्या जन्मी भेटते का?"

माझे हात कणकेतच थांबले. मावशी काय म्हणाल्या ते मी ऐकलंच नाही. म्हणजे एवढ्यासाठी हे विहारात जातात. इतकी वर्षं मी जेवू घातलं, आजारपणं काढली, आणि हा माणूस पुढची सोय तिच्याकडे लावून बसला आहे.

पुढच्या रविवारी मीही निघाले. "मी पण येतो," म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं. मावशी त्या दिवशी त्यांच्या मुलाबरोबर आल्या. विहार म्हणजे एक साधा हॉल, निळ्या पट्ट्याच्या पांढऱ्या भिंती, समोर बुद्धाची मूर्ती. वंदना झाली. भंतेजी तृष्णेबद्दल बोलले, माणूस माझं-माझं म्हणत कसा अडकतो त्याबद्दल बोलले. मग म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी उभी राहिले.

"भंतेजी, एका माणसाच्या दोन बायका. पहिली मेली, दुसरी आहे. पुढच्या जन्मी तो कोणाचा?"

मागे कोणीतरी हसलं. नवऱ्याने मान खाली घातली. भंतेजी हसले नाहीत.

"तुम्हांला तो हवाय?"

"हो."

"कोणता? लग्नात पाहिला तो, की आत्ता इथे बसलाय तो?"

"हाच. आत्ताचा."

"आत्ताचा उद्या असाच राहील का, बाई? तुम्ही तरी राहाल का? आम्ही आत्मा मानत नाही. इथून उचलून तिथे नेऊन ठेवावं असं आत काही बसलेलं नसतं. माणूस जे करतो आणि मनाला जी सवय लावतो, त्याचा परिणाम तेवढा पुढे चालत राहतो. त्यात नवरा-बायकोच्या जोड्या लावलेल्या नसतात. पण तुमच्या आत आत्ता जे जळतंय, ते उद्या सकाळी तुमच्याबरोबर उठेल, एवढं मी सांगू शकतो. पुढच्या जन्माचं नंतर. आधी उद्या सकाळचं बघा."

लोकांनी माना हलवल्या. मला मात्र राग आला. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी बोलतच होते. ज्याला बायकोच नाही त्याला सोड म्हणायला काय जातं, वगैरे. सेक्टरच्या रस्त्यावर झाडांच्या सावलीत त्यांनी एकदम स्कूटर थांबवली.

"तुले वाटते मी तिले भेटाले मिळावं म्हणून तिथं जातो?"

"मंग कावून जाता?"

"ती भेटू नये म्हणून," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते स्कूटरवरून उतरले, स्टँडवर लावली आणि हँडल धरून माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"तिचं हासणं मले सहन नाही व्हाचं. दूधवाला, भाजीवाला, बाजूची माणसं, कोणासंगं बी हासे. माह्या डोक्यात किडा शिरला. शिफ्टले निघालो का बाहेरून कुलूप लावो. चाबी माह्या खिशात."

"घरात कोंडून?"

"हो. कोणाले सांगितलं नाही तिनं. कोणी आलं तं खिडकीतून बोले, म्हणे चाबी हरपली. मंग कावीळ झाली. एक दिवस सकाळच्या शिफ्टले गेलो तं ताप चढला तिले. खिडकीतून मावशीले आवाज देला. मावशीनं गजातून पाणी पाजलं, दुसरं काय करतीन? मी दुपारी आलो तं खाली पडली होती. डॉक्टर म्हणे, सकाळी आणली असती तरी वाचली असती असं नाही सांगता येत. पण सकाळी आणली नाही ना मी."

रस्त्याने एक कुटुंब मोटरसायकलवरून गेलं.

"शेवटी मले म्हणाली, 'पुढच्या जन्मी मले नोका शोधजा.' एवढंच बोलली. मंग मले वाटे, कर्म खरं असन तं मले तिच्या समोर उभं करन. मी काय तोंड दाखवू?"

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. तिला हा नको होता. तिने नंबर सोडून दिला होता. इतकी वर्षं जिच्याशी मी भांडत होते ती मैदानातच नव्हती. घरी येईपर्यंत तो आनंद टिकला.

दुपारी पोळ्या लाटताना तो गेला. मला चावी मिळाली होती ती तिला कुलूप होतं म्हणून. मला कधी विचारलं नाही, कारण तिला विचारून विचारून छळलं होतं. उशिरा आले तर झाकलेलं ताट, वर न होणारा आवाज, ज्याचा गल्लीला हेवा वाटायचा ते सगळं तिच्यामुळे मला मिळालं होतं. कर्म नवऱ्याचं, भोगलं तिने, आणि फळ खाल्लं मी. ज्या चांगुलपणाला मी माझा म्हणत होते त्याच्यातही ती आधीच येऊन बसली होती. मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. कोणी प्रेम केलं म्हणून हेवा वाटतो, हे ठीक आहे. पण कोंडून ठेवलेल्या बाईचा हेवा वाटावा, याला काय म्हणायचं?

संध्याकाळी मी मावशींकडे गेले. "तुम्हांले माहीत होतं."

"होतं."

"मले कधी बोलल्या नाही."

"ते त्यानं सांगाचं होतं," मावशी म्हणाल्या. "त्याले आज तोंड फुटलं, हे बरं झालं." मग त्यांनी मला चहा दिला आणि स्वतःहून सांगितलं, की पाणी पाजताना तिने गजातून त्यांचा हात धरून ठेवला होता. सोडत नव्हती.

पुढे काही दिवसांनी भंतेजींनी माझ्या नवऱ्याला एवढंच म्हटलं, की केलेलं पुसता येत नाही, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यातलं कोणी जिवंत असेल तर तिकडे जाता येतं. तिची आई जिवंत होती. गोंदियाच्या अलीकडे, स्टेशनपासून आत एका खेड्यात. नवऱ्याने जायचं ठरवलं. मी म्हटलं, मीही येणार. तिच्या घरी त्यांना एकट्याला जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

म्हातारी पडवीत मोहफुलं निवडत होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, बोटांनीच निवडायची. जावई आले म्हणून कळल्यावर डोक्यावर पदर घेतला. नवरा खाली जमिनीवर बसला आणि मला सांगितलं तेच सगळं त्याने तिला सांगितलं. म्हातारीची बोटं थांबली नाहीत.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "पोळ्याले आली होती तवा सांगितलं तिनं."

"मंग तुमी मले कावून नाही बोलल्या, मामी?"

"जावयाले काय बोलू? आन मीच तिले परत धाडली. म्हटलं, होईन बरं." फुलातला कचरा तिने बाजूला टाकला. "माफी मागाले आले असान तं ती माह्याजवळ नाही. तिच्याजवळ होती."

नवरा हुंदके देऊन रडला. म्हातारीने त्याला रडू दिलं. मग मला म्हणाली, "तू कोण?" मी सांगितलं. तिने मला जवळ बोलावलं, माझा चेहरा, खांदे, दंड चाचपून पाहिले, जणू कुठे काही मोडलेलं आहे का ते बघत होती. मग उठली आणि आम्हा दोघांना जेवायला वाढलं. लाखोरीची डाळ आणि भात. निघताना माझ्या ओटीत तांदूळ घातले आणि मला तिच्या लेकीच्या नावाने हाक मारली. चुकून की जाणून, मला कळलं नाही. मी "हो मा" म्हटलं.

त्यानंतर नवऱ्याला झोप लागू लागली, एवढा फरक पडला. विहारात ते अजून जातात. मीही कधीकधी जाते आणि मागे बसते. डोळे मिटून सगळं सोडा म्हणतात तेव्हा माझ्याकडून बाकीचं थोडंफार सुटतं, तिचा हेवा सुटत नाही. पण तो आता नवऱ्यावरून राहिलेला नाही.

मी एकटीच आता गाडी धरून म्हातारीकडे जाते. तिचे कपडे धुते, अंगण सारवून देते. ती मला लेकीच्या गोष्टी सांगते. लहानपणी कशी तळ्यात पडली, कोणाची नक्कल कशी करायची, हसायला लागली की कशी थांबायची नाही. माझी आई मला आठवत नाही इतक्या लवकर गेली. माझ्या लहानपणाच्या गोष्टी कोणाजवळच नाहीत. मी ऐकत बसते. मेल्यावरही तिला अशी आठवणारी आई आहे.

मागच्या खेपेला म्हातारीने माझ्या डोक्याला तेल लावलं. तिची बोटं कडक झाली आहेत, केस ओढले जात होते. "दुखते का व?" तिने विचारलं. "नाही," मी म्हटलं, आणि गाडीची वेळ होत आली तरी बसून राहिले.