रिव्हॉल्व्हरला निकेल

साडीवर खडे चिकटवून पोट भरणाऱ्या माणसाला रिव्हॉल्व्हरचा रंग ठरवू देऊ नये. आमच्या घरात तो अधिकार मला कुणी दिलाही नव्हता, मीच हिसकावला.

वडील कतारगामला एका हिऱ्याच्या कारखान्याच्या फाटकावर बसायचे, कमरेला स्वतःच्या परवान्याचं रिव्हॉल्व्हर लावून. गुडघे गेलेले, एक डोळा गेलेला. खुर्ची टिकून होती ती त्या कमरेवरच्या वजनामुळे. पण तेही आता म्हातारं दिसायला लागलं होतं. चामड्याच्या म्यानात घासून नळीच्या टोकाचा काळा रंग उडालेला, आणि गोळ्यांच्या चक्रावर तांबूस चट्टे. ते चट्टे माझे. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत मी त्याला ओलं हळदकुंकू फासायचो, झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडायचो आणि सकाळपर्यंत पाटावर तसंच राहू द्यायचो. देवाला काय वाटलं ठाऊक नाही, लोखंडाला मात्र ते चांगलंच लागलं.

एके दिवशी शेठ वडिलांना म्हणाला, "काका, परदेशी पार्टी येणार आहे. हे भंगार नीट करून आणा, नाहीतर घरी आराम करा."

बंदुकीच्या दुकानदाराने तीन वाटा सांगितल्या. पुन्हा काळं करता येईल. निकेल चढवता येईल. किंवा नुसता गंज काढून तेल देतो, मग झिजलेलं ते झिजलेलंच दिसेल.

नवागामच्या आमच्या खोलीत यावर बैठक बसली. वडिलांनी जेवता जेवता निकाल दिला, "पहिले जसं व्हतं तसंच करी दे. काळं."

मी हात धुऊन व्याख्यानाला बसलो. "आबा, काळं परत उडणार. निकेलला गंज चढत नाही. जन्मभर बघायला नको."

"मना जलम कितला उरना आते?"

"बाजारात चमक नसलेला माल कोण हातात धरतं, सांगा."

आमच्याकडे मुक्कामाला आलेला बायकोचा भाऊ ताटावरून न उठताच बोलला, "दाजी, मग खडेपण लावा ना. मुठीला लेस सोडा."

सगळे हसले. मीही हसलो, पण एकदा मुठीकडे नीट बघून घेतलं. लाकडावर खडा धरेल का, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला होता.

परवाना वडिलांचा, म्हणून त्यांना स्कूटरवर मागे बसवून दुकानात नेलं. दुकानदाराने विचारलं, "बोला काका, काय करायचं?" वडिलांनी तोंड उघडलं. मी म्हणालो, "निकेल. त्यांना काय विचारता, त्यांना धड दिसतं तरी कुठे?"

दुकानदार ओशाळून हसला. वडिलांनी उघडलेलं तोंड मिटलं, रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं आणि दाखवली तिथे सही केली. मला वाटलं, पटलंय.

माल झकास आला. नळीत तोंड दिसत होतं. वडिलांनी पाहिलं, त्यांना स्वतःचं नाक भोपळ्याएवढं दिसलं.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारागीर फाटकाशी जमले. एकाने विचारलं, "काका, यात टिकली फुटते का?" दुसरा म्हणाला, "नवरात्रात गरब्याला भाड्याने देणार?" शेठ खाली आला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "काका, आ तो रमकडुं थई गयुं, खेळणं! पाळण्यावर टांगा, पोरं खेळतील." परदेशी पार्टीने तर वडिलांना फाटकापाशी उभं करून, रिव्हॉल्व्हर छातीशी धरायला लावून फोटो काढले. वडील हसले नाहीत, तर पार्टीला तेच जास्त आवडलं.

त्यानंतर लवकरच त्या खुर्चीत एजन्सीचा एक दांडगा बसला, मांडीवर लांबलचक काळी बंदूक घेऊन. शेठ वडिलांना म्हणाला, "तुम्हीच सांगा काका, तुम्हाला आता कोण घाबरणार?" प्रश्न बरोबर होता.

मी धावत दुकानदाराकडे गेलो. "उतरवा हे, काळं करा." तो म्हणाला, "उतरवायचं म्हणजे पुन्हा घासणं आलं. जुना माल आहे, आधीच झिजलेला. परवान्याशी जुळणारा त्यावरचा नंबर पुसट झाला तर आपण दोघे आत. मी हात लावणार नाही." मग सौजन्याने विचारलं, "काका खूश आहेत ना?"

दसरा आला. यंदा पाटासमोर वडीलच बसले. मला सरकवलं. कुंकवात पाणी ओतून चिखल केला आणि रिव्हॉल्व्हरवर थापला. फुलाची वाट न बघता तांब्यातलं पाणी सरळ वर रिकामं केलं. बायको म्हणाली, "आबा, पुरे झालं, पाट वाहतोय."

"वाहू दे. कोनी पुसानं नही."

कुणी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी उठून पाटाशी बसले होते. वाळलेलं कुंकू त्यांनी नखाने खरवडलं, उपरण्याच्या टोकाने पुसलं, चक्र फिरवून फिरवून धडक्या डोळ्याजवळ नेलं. आतून तीच ती लखलखीत चमक. एक ठिपका नाही. त्यांनी पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले.

"तुनं बाकी खरं निंघनं रे," ते म्हणाले. "गंज चढत नही."